ताकदीच्या गोळ्या औषधांच्या यादीत कधी येणार?

महोदय,

अंगात त्राण वाटत नाही म्हणून कोणाला न विचारता ताकदीच्या गोळ्या सुरू करणे इतके सर्रास झाले आहे की, त्या घेताना आपण काही औषध घेत आहोत असे वाटतच नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे आधीपासून चालू असतील, तर हा समज किती महागात पडू शकतो, याचा मला स्वतःला आलेला अनुभव वाचकांपुढे ठेवावा, यासाठी हे पत्र.

गेली अनेक वर्षे मी थायरॉईडची गोळी रोज सकाळी अनशापोटी घेते. मध्यंतरी थकवा वाढला, तेव्हा मी जीवनसत्त्वे आणि खनिजे असलेली एक गोळी आणली आणि विसरायला नको म्हणून ती सकाळच्या गोळीबरोबरच घेऊ लागले. पुढच्या तपासणीत टीएसएच (थायरॉईड कमी पडला की रक्तात वाढणारे संप्रेरक) बराच वाढलेला निघाला. ‘गोळी चुकते का?’ असे डॉक्टरांनी विचारले. मी नाही म्हटले आणि ते खरेच होते. ‘दुसरे काही औषध चालू आहे का?’ यालाही मी नाही म्हटले आणि तेही मला तितकेच खरे वाटत होते. मग थायरॉईडच्या गोळीची मात्रा वाढली. उलगडा झाला तो औषधाच्या दुकानातल्या तरुणामुळे. दोन्ही गोळ्या एकदम मागितल्यावर तो म्हणाला, ‘काकू, यात लोह आणि कॅल्शियम आहे. दोन्ही एकाच वेळी घेत नाही ना?’

लोह आणि कॅल्शियम पोटात या औषधाला धरून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसे उतरू देत नाहीत, म्हणून दोन्हींमध्ये किमान चार तासांचे अंतर ठेवावे लागते. मी ते ठेवले, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली आणि डॉक्टरांनी मात्रा पूर्वीइतकी केली. म्हणजे थकवा घालवण्यासाठी आणलेली गोळीच थकव्यावरच्या औषधाची वाट अडवून बसली होती. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन यांसारख्या प्रतिजैविकांचेही लोहाबरोबर असेच होते.

यापेक्षा जास्त फसवा प्रकार बायोटिन या जीवनसत्त्वाचा. शरीराला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते. केस-नखांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत मात्र ते ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम असू शकते. ते औषधाला नव्हे, तर रक्ततपासणीलाच चकवते: रोग्याचा थायरॉईड प्रत्यक्षात ठीक असताना अहवालात तो जास्त काम करतो असे दिसू शकते. हृदयविकाराच्या झटक्याच्या निदानासाठी होणारी ट्रोपोनिन चाचणीही त्यामुळे खोटी कमी येऊ शकते आणि त्याबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये जाहीर इशारा दिला होता.

‘वनस्पतीच आहे, तिने काय अपाय होणार?’ हा युक्तिवादही टिकत नाही. सेंट जॉन्स वॉर्ट ही मन प्रसन्न राहावे म्हणून घेतली जाणारी वनस्पती यकृतातील औषधांचे विघटन करणाऱ्या विकरांचे (एन्झाइम्सचे) काम वाढवते आणि त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारे वॉरफरीन, प्रत्यारोपणानंतरचे सायक्लोस्पोरीन अशा औषधांचा परिणाम घटतो. ज्येष्ठमध बराच काळ आणि भरपूर घेतल्यास रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरते. रक्तदाबाच्या रोग्याने एका हाताने गोळी घ्यावी आणि दुसऱ्या हाताने तिचा परिणाम पुसावा, असा तो प्रकार.

पण मला सर्वांत जास्त खटकते ते वेगळेच. थकवा कशाने आला, हे न पाहताच आपण त्यावर गोळी शोधतो. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. पित्तावरच्या काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्यासही तसे घडते. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर गटातील औषधांनी काहींना नुसताच थकवा येतो. अशा वेळी आपल्या मनाने फॉलिक आम्लाच्या गोळ्या सुरू केल्या, तर रक्तातले दोष सुधारल्यासारखे दिसतात आणि ब-१२ अभावी मज्जातंतूंची होणारी हानी मात्र आत चालूच राहते. अर्थात, म्हणून चिठ्ठीतली गोळी परस्पर बंद करणे हा उपाय नव्हे. तो तर आणखी मोठा धोका.

पूरक गोळ्यांची गरज कोणालाच नसते, असे माझे म्हणणे नाही. तपासणीत कमतरता निघाली तर त्या घ्याव्याच लागतात. डॉक्टरांना माझी विनंती एवढीच की, ‘औषधे कोणती घेता?’ या प्रश्नापाशी न थांबता गोळ्या, पूड, चूर्ण, काढा असे एकेक नाव घेऊन विचारावे, कारण आम्हा रोग्यांच्या लेखी यातले काहीच ‘औषध’ नसते. रक्त घेण्यापूर्वी भरायच्या कागदावरही पूरक गोळ्यांसाठी एक ओळ असावी.

माझ्यापुरते म्हणायचे, तर मी आता घरातली प्रत्येक डबी पिशवीत घालून दवाखान्यात नेते. गेल्या खेपेला डॉक्टरांनी चष्मा वर करून एका डबीवरची बारीक अक्षरे वाचली, त्यात बायोटिन निघाले, आणि त्यांनी ती गोळी थांबवून माझी थायरॉईडची तपासणी दोन दिवस पुढे ढकलली.

आपली,
एक वाचक