मेन बंद आहे ना?

शनिवार पेठ, पुणे

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

उद्यान एक्सप्रेस हलली तेव्हा तू खिडकीतून हात केलास, मी नाही केला. 'घरात एक कॅन्सर झाला तेवढा पुरे' हे मी बोलायलाच नको होतं, बेबीआत्यासमोर तर नाहीच. रात्री जेवल्यावर तिने तिची कॅन्सरवरची इमॅटिनिबची गोळी घेतली आणि म्हणाली, "दादा, ही पण कुणाच्या तरी लेकराने रात्री जागून शोधली असेल." २००१ साली ती गोळी बाजारात आली नसती तर आत्या आज मला असं सुनवायला असती का?

तुझं कॅन्सरच्या संशोधनाचं काम मला कळत नाही असं समजू नकोस. तीस वर्षं वायरमन होतो, खटका अडकणं मला ठाऊक आहे. पेशीतलं रास प्रथिन म्हणजे असाच खटका. त्याला जीटीपी नावाचा रेणू चिकटला की चालू, त्या रेणूचा जीडीपी झाला की बंद. त्या प्रथिनाच्या साखळीतला बाराव्या जागचा मणी, ग्लायसिन, बदलला की ते बंदच होत नाही, पेशीला 'वाढ, वाढ' असा निरोप जातच राहतो. हा बिघाड माणसाच्या कॅन्सरच्या पेशींत १९८२ला सापडला आणि थेट त्यावरचं पहिलं औषध यायला २०२१ उजाडलं, तेही त्यातल्या एकाच प्रकारावर. परवा सारसबागेत आमच्या कट्ट्यावर हे सांगितलं. सगळे गप्प!

माझं म्हणणं फक्त तू प्रयोगाला वापरतेस त्या किरणोत्सर्गी फॉस्फरस-३२बद्दल आहे. शिशाचा पत्रा लाव म्हटलं तर हसलीस. शिशाने उलट एक्स-किरण निघतात, जाड ॲक्रिलिकच लागतं म्हणालीस. बरं, ॲक्रिलिक तर ॲक्रिलिक. पण त्याच्या मागेच बसतेस ना? अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा बॅज लावतेस ना? झोप झाली नसेल तर त्या बाटलीला हात लावू नकोस, रात्री एकटीने तर मुळीच... झालं, सुरू झालं माझं भाषण. माफ कर.

मी स्टुलावर चढलो की तू खाली उभी राहून विचारायचीस, "बाबा, मेन बंद आहे ना?" सुट्टीत प्रत्येक कामावर यायचीस. नारायण पेठेतल्या त्या वाड्यात तू बरोबर नव्हतीस, आणि मेनही बंद नव्हता. माझ्या मनगटावरचा डाग बंबाने भाजल्याचा नाही. आईला सांगू नकोस.

डिंकाचे लाडू डब्यात खाली आहेत, चिवड्याच्या पिशवीखाली. रविवारी फोन कर. आत्यालाही.

तुझा,
बाबा

ता. क. बॅज एप्रनलाच लावतात ना? एप्रन खुंटीवर आणि तू टेबलाशी, असं होऊ देऊ नकोस.