तंत्रज्ञाला संहितावाचनाला बोलवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हौशी एकांकिका स्पर्धांवरील आपल्या पुरवणीतल्या लेखात विज्ञाननाट्यांचे नेपथ्य ‘बाळबोध’ असते, अशी तक्रार वाचली. तक्रार खरी आहे, पण दोष एकट्या नेपथ्यकाराच्या माथी मारून चालणार नाही.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक ट्रेडचा शिल्पनिदेशक होतो. निवृत्तीनंतर गावातल्या नाटकवाल्या पोरांना लागेल ते बनवून देतो. पोरे उगवतात ती प्रयोग आठवड्यावर आला की. “काका, एक रोबो पाहिजे. बोलला की डोळे लुकलुकले पाहिजेत.” तो रोबो बसणार की चालणार, त्याला हात कोण लावणार, विचारले की एकमेकांकडे बघतात. संहिता कोणी आणतच नाही. मग थर्माकोल, चंदेरी कागद आणि दिव्यांची माळ. दुसरे काय होणार?

एका ओळखीच्या संघाने अंतराळयानाचे पॅनेल वायफायवर चालवले होते. तालमीत झकास चालले. प्रयोगाला प्रेक्षागृह भरले, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल, आणि २.४ गिगाहर्ट्‌झ या वायफायच्या लहरींवरच्या त्या गर्दीत विंगेतून दिलेली आज्ञा पॅनेलपर्यंत पोचेचना. नट ओरडतोय, “सगळी यंत्रणा बंद पडली!” आणि मागे दिवे मजेत चमकताहेत. उपाय साधा आहे, तार टाका. पण ती कुठून न्यायची हे हालचाली बसवतानाच ठरवावे लागते. ऐनवेळी टाकलेल्या तारेत नटाचा पाय अडकतो. यंत्राच्या सर्किट बोर्डावरचा इवलासा तांबडा दिवाही काळोखात शेवटच्या रांगेतून दिसतो. काळी टेप लावायची हे ज्याला सुचेल तो माणूस तालमीला हवा.

उलट अनुभवही आहे. एका दिग्दर्शिकेला यांत्रिक हात बराच आधी करून दिला होता. तो हलवणाऱ्या सर्व्हो मोटरची घरघर तालमीच्या हॉलमध्ये पंख्याच्या आवाजात दबायची. एकदा वीज गेली, पंखे थांबले, हात मात्र बॅटरीवर चालू. तेव्हा ती घरघर तिच्या कानावर पडली. दुसऱ्या कुणी मोटर बदलायला सांगितली असती. तिने एका लांब स्तब्धतेतले संगीतच काढून टाकले आणि तिथे फक्त हात हलू दिला. प्रेक्षक श्वास रोखून ऐकत होते!

हे काही आजचे खूळ नाही. चेक लेखक कारेल चापेकचे ‘आर. यू. आर.’ हे यंत्रमानवांवरचे नाटक १९२३ साली बर्लिनमध्ये झाले तेव्हा नेपथ्यकार फ्रेडरिक किस्लरने नेपथ्यातच चित्रफितीचे प्रक्षेपण आणि आरशांची यंत्रणा बसवली होती. ना ट्रान्झिस्टर होता, ना एलईडी. आपल्याकडे १९६२ च्या ‘तो मी नव्हेच’मध्ये फिरता रंगमंच होता, म्हणून कोर्टातून थेट जुन्या प्रसंगात जाता येत होते. तेही यंत्रकामच की.

आयोजकांना एवढेच सांगणे आहे की, संघाच्या यादीत तंत्रसहायकाला जागा द्या आणि प्रयोगाआधी त्याला रंगमंचावर जोडणी तपासू द्या. सध्या नेपथ्य लावायच्या मोजक्या मिनिटांतच हे उरकावे लागते. स्पर्धेच्या नियमांतून लेखन बदलते, हे आपण पाहिले आहे. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली, म्हणून १९७४ साली जयंत नारळीकरांनी टोपणनावाने कथा पाठवली. यंत्राशी खेळणारी एकांकिका हवी असेल, तर नियमांत यंत्रवाल्यालाही धरा. वेगळे पारितोषिक नसले तरी चालेल. नेपथ्याच्या पारितोषिकात त्याचे नाव घ्या.

आमच्या गावातल्या संघांना यंदाही काही करून हवे असल्यास त्यांनी दिवाळीच्या आधी यावे. येताना संहितेची प्रत आणावी, आणि दिग्दर्शकालाही.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, सांगली जिल्हा