पाऊस अचानक आला म्हणे!

मा. संपादक,

कालच्या अंकातली साकवाची, म्हणजे पऱ्यावरच्या (ओढ्यावरच्या) छोट्या पुलाची, बातमी वाचली. 'अतिवृष्टीमुळे काम रखडले, सुधारित अंदाजपत्रक सादर.' अहो, रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो 7 जूनच्या आगेमागे येतो हे शाळेतल्या पोराला पण माहितीय, तुमच्या वार्ताहराने साहेबांचं वाक्य जसंच्या तसं छापलं, एक उलट प्रश्न नाही.

आमच्या वाडीचंच सांगतो. मंजुरी मार्च एंडच्या गडबडीत, वर्क ऑर्डर एप्रिलात. साइटवरच्या इंजिनियरकडे कुठलं काम कधी ते दाखवणारा रंगीत बारचार्ट होता, लॅमिनेट केलेला, आणि त्यात स्लॅबची निळी पट्टी चक्क जुलैत! मी म्हटलं, भाऊ, जुलैत पऱ्याला छातीएवढं पाणी असतं, स्लॅबखालचं टेकूचं सेंटरिंग कशावर उभं करणार? तर म्हणतो, "काका, सॉफ्टवेअरने तशी तारीख काढली." सॉफ्टवेअरला रविवारची सुट्टी सांगितलेली, पावसाळ्यात पऱ्यातलं काम बंद असतं हे कोणी भरलंच नव्हतं. मग धावपळ करून स्लॅब 25 मे ला टाकायचं ठरलं. म्हणजे काँक्रीटला पुरती ताकद यायचे 28 दिवस भरणार 22 जूनला, मृग जाऊन आर्द्रा लागल्यावर. तेही जमलं नाहीच, स्लॅब राहिला आणि सेंटरिंगच्या बल्ल्या-प्लेटा तेवढ्या पऱ्याने नेल्या. पोरं अजून वळसा मारून शाळेत जातात. इथे मे महिन्यात बायका आगोटची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी करतात, लाकडं, मीठ, सुकी मासळी, त्यांना कुणी बारचार्ट दिलेला नसतो.

अंदाजपत्रकाची पण तीच तऱ्हा. दर सगळे सरकारी दरसूचीतले, बरोबर, पण खडीची लीड, म्हणजे वाहतुकीचं अंतर, धरली जवळच्या क्वारीची आणि ती क्वारी बंद. गाडी वाडीत उतरत नाही, खडी-सिमेंट वरच्या सड्यावर (माळावर) टाकून डोक्यावरून खाली आणावं लागतं, त्याला एक रुपया धरलेला नाही. त्यात ठेकेदाराने टेंडर अंदाजपत्रकाच्या 20 टक्के बिलो, म्हणजे कमी, भरलं. आता खर्च वाढला म्हणून गळा काढतायत, वाढला कुठे, तो आधी लिहिलाच नव्हता ना!

कोकण रेल्वेची कंपनी 1990 ची, 741 किलोमीटरचा मार्ग जानेवारी 1998 ला पूर्ण सुरू झाला. उशीर तिथेही झाला, पेडण्याच्या बोगद्याने रडवलं, पण ती जमिनीच्या आतली गोष्ट होती, आधी दिसत नाही. पाऊस काय बोगद्यात लपून बसतो?

आणि टेंडर नोटिशीत 'कालावधी 12 महिने (पावसाळ्यासह)' असं स्वच्छ छापलेलं असतं. पावसाळा धरूनच मुदत दिली तर पावसासाठी मुदतवाढ कसली मागता? ही नोटीस तुमच्याच पेपरात येते, इतक्या बारीक टायपात की चष्मा लावून पण उन्हात जावं लागतं. तो टाइप जरा मोठा करा. शिवाय भरती-ओहोटीच्या वेळा छापायचं तुम्ही न सांगता बंद केलंत, त्या परत चालू करा, खाडीपलीकडे जाणाऱ्यांची पंचाईत होते.

आपला,
एक जुना वाचक, ता. संगमेश्वर