काका, आमची पाकिटं वाचल्याबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र मराठीत लिहितेय, कारण तुमच्यासमोर आभाराचा एक शब्द काढला की तुम्ही नाकासमोर हात हलवता आणि लगेच हवामानावर घसरता. इथे निदान मला मधेच अडवणारं कोणी नाही. शिवाय टोकियोच्या ह्या निशी-कासाईत नवी मराठी बिऱ्हाडं सतत येत असतात. तुमच्यासारखा जपानी शेजारी काय करू शकतो, हे त्यांनाही कळू दे.

साताऱ्याहून फोन आला की हमखास विचारतात, जपानात सगळ्यात अवघड काय गेलं? त्यांना वाटतं भूकंप, नाहीतर मेट्रोच्या तोझाई लाइनची सकाळची गर्दी. मी सांगते, टपाल. ऑफिसात इंग्रजीवर आणि मोडक्यातोडक्या जपानीवर निभून जायचं. पण घरी आल्यावर खालच्या पेटीत वॉर्ड ऑफिसचं, पेन्शनचं, विम्याचं, लसीकरणाचं असं काही ना काही पडलेलं असायचं, आणि ती कांजी चित्राक्षरांची दाटी पाहून पोटात गोळा यायचा. फोनवरचं भाषांतर शब्द सांगतं. पैसे भरायचेत की मिळणार आहेत, हे त्यावरून कधीच कळलं नाही.

तुम्ही आयुष्यभर करसल्लागाराच्या ऑफिसात कारकुनी केलेली. पेटीपाशी मी हातात घडीचं पोस्टकार्ड घेऊन उभी होते, ते तुम्ही मागून घेतलंत. चिकटवलेला कोपरा नखाने सोललात, चष्मा कपाळावर चढवलात, खिशातली पेन्सिल काढून एका तारखेभोवती गोल केलात. वर मला वाचता येईल अशा सोप्या हिरागाना अक्षरांत बारीक लिहिलंत, ‘एवढंच’. त्यानंतर आमच्याकडे आलेल्या एकूण एक सरकारी कागदावर तुमच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. पाळणाघराच्या फॉर्मवरही आहेत. तिथे आईबापांच्या कामाच्या तासांवरून गुण मिळतात, म्हणून दोघांच्या ऑफिसचे दाखले तुम्ही ओळ न् ओळ तपासलेत.

2020 साली सरकारने इथे राहणाऱ्या प्रत्येकाला, परदेशी माणसांनाही, एक लाख येन दिले. त्या फॉर्मवर खूण करायला एक चौकोन होता. भारतीय मन चौकोन दिसला की टिक करतं. ‘पैसे नको असतील त्यांनी इथे खूण करावी’ असा तो चौकोन होता! त्यावर तुम्ही अख्खा तळहात ठेवलात आणि आम्हाला तो दिसूच दिला नाहीत. अनेक जपानी लोकांनीही त्यात चुकून खूण केली, हे नंतर कळलं. असला फॉर्म ज्याने कोणी आखला, त्याला माझ्या आजीने काय म्हटलं असतं ते इथे लिहीत नाही.

टपालाबरोबर खाण्याची पाकिटंही तुमच्याकडे येऊ लागली. आम्ही मासेही खात नाही हे पटायला तुम्हाला वेळ लागला, तो लागणारच. पण एकदा पटल्यावर तुम्ही आमच्याहून कडक झालात. मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, डब्यामागचं बारीक छापलेलं वाचून ‘कात्सुओ’ ह्या माशाच्या नावाखाली रेघ मारायचात, मुलीच्या गोळ्यांच्या पुडीवर ‘जिलेटिन’ला फुली. काकूंनी कोंबू हे समुद्री शेवाळ आणि सुक्या शिताके अळंब्यांचं दाशी, म्हणजे सार, करून त्यात घातलेली उदोन शेवयांची वाटी माझ्या सासूबाईंनी इथे आल्यावर दोनदा मागून घेतली. त्या बाई मुंबईत दुसऱ्याच्या घरचं पाणी पिताना विचार करतात.

आणि 2019 चं ते वादळ. 12 ऑक्टोबर, शनिवार. त्याच वर्षी मे महिन्यात वॉर्डाने पुराच्या नकाशाची पुस्तिका काढली होती. आपल्या एदोगावा वॉर्डाची सत्तर टक्के जमीन समुद्राच्या भरतीच्या पातळीखाली आहे, आणि मोठा पूर आला तर पाणी एकदोन आठवडे ओसरणार नाही. म्हणून पुस्तिकेच्या मुखपृष्ठावरच बजावलं होतं की इथे थांबून चालणार नाही. स्वतःच्याच नागरिकांना ‘इथून जा’ सांगणारी नगरपालिका मी तोवर पाहिली नव्हती. ती पुस्तिका आमच्याकडे जाहिरातींच्या गठ्ठ्यात पडून होती. त्या सकाळी फोन किंचाळायला लागले आणि तुम्ही रेनकोट घालून दारात उभे होतात. एका हातात पुस्तिका, दुसऱ्यात आमच्या तान्ह्या मुलीसाठी दुमडलेली ताडपत्री. शाळेच्या जमिनीवर रात्र काढली, तेव्हा काकूंनी वळलेले नुसत्या मिठाचे ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, आमच्या वाट्याला वेगळे बांधलेले होते. आराकावा नदी काठ सोडून बाहेर आली नाही. सकाळी उन्हात घरी परतताना तुम्ही म्हणालात, “फुकट गेली फेरी.” किती समाधानाने म्हणालात!

आता कायमचं भारतात परत निघायचं तर निघण्याचीही पाकिटं आहेतच. बाबांची तब्येत बघता आम्ही मार्चमध्ये जाऊ म्हणत होतो. तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटून 1 जानेवारीवर बोट ठेवलंत. त्या दिवशी ज्याचा पत्ता इथे, त्याच्यावर गेल्या वर्षाच्या कमाईचा रहिवासी कर. म्हणजे डिसेंबरात गेलो तर तो बसणारच नाही, बॅगा मात्र जरा लवकर भराव्या लागतील. तिकिटं डिसेंबरची काढली.

पेन्शनचंही तसंच. दहा वर्षांहून कमी हप्ते भरून देश सोडणाऱ्या परदेशी माणसाला एकरकमी पैसे मिळतात, दोन वर्षांच्या आत अर्ज केला तर. पण तुम्ही आधी उलट बाजू मांडलीत. भारत आणि जपानमधला करार ऑक्टोबर 2016 पासून लागू आहे, त्यात दोन्हीकडची वर्षं जोडून धरता येतात, आणि हे पैसे घेतले की इथली वर्षं पुसली जातात. आम्ही दोघं रात्री उशिरापर्यंत आकडेमोड करत बसलो आणि शेवटी पैसे घ्यायचं ठरवलं. तुम्ही मान डोलावलीत, ‘बरोबर केलंत’ मात्र म्हणाला नाहीत, हे माझ्या लक्षात आहे.

त्या रकमेतून 20.42 टक्के कर आधीच कापतात. तो परत मागायचा तर इथे राहणारा कोणीतरी कर-प्रतिनिधी नेमावा लागतो. कर कार्यालयाची पत्रं त्याच्या नावाने येणार, अर्ज त्याने भरायचा, आणि परतावा आधी त्याच्याच बँक खात्यात जमा होणार. पैसे घेऊन हे काम करणारे लोक आहेत. आम्ही त्यांचे दर काढत होतो, तेवढ्यात तुम्ही खालून स्वतःचं नाव भरलेला फॉर्म घेऊन आलात. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाने, परत भेट होईल की नाही ठाऊक नसलेल्या बिऱ्हाडासाठी सरकारदरबारी सही करायची! आमच्या सख्ख्या नातेवाइकांत किती जणांनी केली असती, हा हिशेब मी मांडत बसत नाही. आभार मानायचेत ते मुख्य ह्या सहीचे.

बाकी आवराआवर चालूच आहे. सायोनारा सेलमध्ये, म्हणजे निघताना घरातलं विकतात त्यात, फ्रिज आणि वॉशिंग मशीन गेलं, बरं झालं, कारण ती दोन्ही वॉर्डाच्या मोठ्या कचऱ्यात घेत नाहीत. टाकायच्या टेबलाला मोठ्या कचऱ्याच्या शुल्काची दोनशे-तीनशे येनची स्टिकरं लावून झाली. सायकलची पोलिसातली नोंद तुमच्या नातवाच्या नावे करायची आहे, त्या कागदावर तुमची पेन्सिल फिरली की झालं. वॉर्ड ऑफिसात पत्ता काढून टाकायचा, मग विमानतळावर रेसिडेन्स कार्डाला भोक पाडून परत देतात म्हणे.

तुमच्या नावे आलेली आमची पत्रं सरळ फोडा, विचारू नका. पुण्याच्या पत्त्याची पाकिटं लिहून काकूंकडे दिली आहेत. जानेवारीत आमच्याच मजल्यावर कोल्हापूरचं एक जोडपं राहायला येतंय. दोघंही मासे खातात, तेवढी एक कटकट तुमची वाचली. पण पहिल्या महिन्यात पाळणाघराचा फॉर्म घेऊन ते तुमचं दार वाजवणार, हे मी त्यांना सांगून ठेवलंय. तुम्हाला आधी विचारलं असतं, तर तुम्ही नाकासमोर हात हलवला असतात.

काकूंना नमस्कार.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण