नेस्मिथ म्हणजे ‘हरलेला कोच’ नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल टीमवरचा लेख काल दिवसभर डोक्यातून गेला नाही, म्हणून आज चहा व्हायच्या आधीच लिहायला बसलोय. लेखात १९५२, १९८८, २००८ आणि २०२२ ही चारही विजेतेपदं आलीत, तिथला गाजलेला खेळाडू विल्ट चेंबरलेन आलाय, १९५७ ची तीन ओव्हरटाइमपर्यंत ताणलेली आणि एका पॉइंटने गेलेली फायनलही आलीय. लेखकाने कष्ट घेतलेत, मान्य आहे. पण ज्यांनी बास्केटबॉल शोधला आणि जे तिथले पहिले कोच होते, त्या जेम्स नेस्मिथ यांच्या वाट्याला काय आलं? एक चौकट. वर मथळा ‘खेळ शोधला, पण जिंकता आलं नाही!’ आणि खाली ५५ विजय, ६० पराभव, कॅन्ससच्या इतिहासातला तोट्यात राहिलेला एकमेव कोच. संपलं! ज्या माणसाने चाळीसेक वर्षं विद्यापीठाच्या लॉरेन्स गावात घालवली त्याचा एवढाच हिशोब?

मी ३१ वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक होतो. कोर्ट मातीचं, रेषा फक्कीने रोज सकाळी मीच मारायचो, आणि पावसाळ्यात बोर्डाचं प्लायवूड असं फुगायचं की बॉल कुठेही उडायचा. रिंगला जाळी नव्हती म्हणून पोरांनी सुतळीची विणली होती. एका वर्षी मीटिंगमध्ये संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, “सर, कप किती आणलेत ते सांगा.” मी म्हणालो, एकही नाही. तेव्हा ते हसले आणि पुढच्या वर्षी कोर्टाच्या अर्ध्या जागेत गाड्यांची शेड उभी राहिली. त्याच मातीतली दोन पोरं आज दुसऱ्या शाळांमध्ये खेळ शिकवतायत, पण ते कुठल्या कपाटात ठेवता येत नाही ना. तुमची चौकट वाचली आणि ती मीटिंगच आठवली, म्हणून राग जरा जास्त आलाय, समजून घ्या.

नेस्मिथ १८९८ साली लॉरेन्सला गेले ते काही टीम घेऊन जिंकायला गेले नव्हते. प्रार्थनागृहाचं काम आणि शारीरिक शिक्षण, यासाठी त्यांना बोलावलं होतं. पहिली मॅच १८९९ च्या फेब्रुवारीत कॅन्सस सिटीच्या वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या टीमशी झाली, १६-५ अशी हरले. पुढेही कित्येक मॅचना ते स्वतःच शिट्टी घेऊन रेफ्री असायचे. स्वतःची टीम खेळतेय आणि हाच माणूस तिचे फाउल पकडतोय, हे डोळ्यांसमोर आणून बघा म्हणजे ते ६० पराभव कळतील. फॉग ॲलन हे त्यांचेच खेळाडू, त्यांच्यानंतर तेच कोच झाले आणि ॲलन यांच्या हाताखालून ॲडॉल्फ रप, डीन स्मिथ यांच्यासारखे नावाजलेले कोच निघाले. हे सगळं लेखात आहे, पण वेगवेगळ्या पानांवर, त्यामुळे मुळाशी कोण बसलंय ते वाचणाऱ्याला समजतच नाही.

आणि सगळ्यात जास्त खटकलं ते हे की जॉन मॅक्लेंडन यांचं नाव अख्ख्या लेखात एकदाही नाही. १९३०च्या दशकात हा काळा मुलगा कॅन्ससला शिकायला आला, वडिलांनी सांगितलं होतं म्हणून थेट नेस्मिथ यांच्याकडे गेला आणि म्हणाला, तुम्हीच माझे मार्गदर्शक. विद्यापीठाच्या टीममध्ये त्याला खेळायला बंदी होती. कारण एकच, कातडीचा रंग. पोहण्याच्या तलावात उतरला तर तलाव रिकामा केला गेला. नेस्मिथ मात्र त्याला शिकवत राहिले, १९३६ ला तो पदवी घेऊन बाहेर पडला आणि पुढे कोच होऊन फास्ट ब्रेकचा, म्हणजे बॉल मिळताच धावत जाऊन हल्ला करण्याचा खेळ असा काही उभा केला की टेनेसीतल्या त्याच्या कॉलेजच्या टीमने १९५७, ५८, ५९ असं सलग तीनदा एनएआयए या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं विजेतेपद मिळवलं. त्याआधी १९४४ मध्ये नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या डरहॅमला एका रविवारी सकाळी जिमची दारं बंद करून त्याच्या काळ्या विद्यार्थ्यांची टीम ड्यूक विद्यापीठाच्या मेडिकलच्या गोऱ्या मुलांशी खेळली, लपूनछपून, कारण तिथे तेव्हा काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळायला बंदी होती. ८८-४४ ने जिंकले. बाहेर कुणाला पत्ता नाही. ज्याला कॅन्ससने कोर्टवर पाय ठेवू दिला नाही तो माणूस कॅन्ससच्या इतिहासातून तुम्हीही वगळलात, याचं मला फार वाईट वाटलं.

२०१९ ला लेकीकडे गेलो होतो तेव्हा जावयांनी मुद्दाम लॉरेन्सला नेलं. खेळाचे मूळ १३ नियम तिथे मंद उजेडात काचेमागे ठेवलेत. दोनच टाइप केलेली पानं, पिवळी पडलेली, वर हाताने केलेल्या दुरुस्त्या. २०१० च्या लिलावात ४० लाख डॉलर्सच्या वर गेलेले हे कागद मुळात जिमच्या भिंतीवर लावले होते, पोरांना नियम कळावेत म्हणून. मीसुद्धा शाळेत तेच करायचो, फळ्यावर खडूने लिहून. काचेसमोर मी बराच वेळ उभा होतो, शेवटी नातीने हात ओढला, “आजोबा, चला ना.”

पत्र लांबलंय, तरी एक सांगायचंय. पूर्वी तुमच्या पेपरात शालेय जिल्हास्तर बास्केटबॉलचे निकाल यायचे, निदान चार ओळी, खेळाडूंच्या नावांसकट. पोरं ती कात्रणं कापून वहीत चिकटवायची. आता दोन-तीन वर्षं झाली, ते बंदच झालंय. क्रिकेटला पूर्ण पान देता, द्या, पण त्यातल्या चार ओळी इकडे आल्या तर काय बिघडेल? जिल्ह्याच्या मॅचेस जवळ आल्यात. निकाल आणायला माणूस नसेल तर मी स्वतः ग्राउंडवर जाऊन लिहून पाठवतो, पैसे नकोत.

आणि पुढच्या रविवारी त्याच जागी मॅक्लेंडन यांच्यावर तेवढीच चौकट छापा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, जि. सातारा