बोललास का कुणाशी?

जत, रविवार रात्र

चि. बाळूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, ‘अण्णा, प्रेझेंटेशनच्या ग्रुपमध्ये मला स्लाइड करायला दिल्यात, बोलणारे दुसरे आहेत.’ मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. रात्रभर डोळा लागला नाही. आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

आयईएलटीएसला, त्या इंग्रजीच्या परीक्षेला, ७ बँड आणलेस तेव्हा रिटायर होऊनही मी एसटी डेपोत जाऊन पेढे वाटले. पण तिकडं स्कॉटलंडात ग्लासगोची माणसं ‘यस’ला ‘आय’ म्हणतात आणि लहानसं काही असलं की ‘वी’, हे कुठल्या क्लासात शिकवणार? खोलीत तुम्ही चौघंही सांगली-कोल्हापूरचे. रस्सा चांगला होत असेल, इंग्रजी कुठून होणार?

ताई सांगत होती, तिकडं दर शनिवारी सकाळी साडेनऊला बागेत पार्करन असतं. ५ किलोमीटर, फुकट. पळायचं नसेल तर मदतीला उभं राहायचं, चार माणसं आपण होऊन बोलतात. आठवड्याला २० तास कामाची मुभा आहे, तर गोदामात खोकी लावण्यापेक्षा काउंटर माग. चारलाच अंधार पडतो म्हणून खोलीत बसायचं नाही... लागलो बघ शिकवायला. राहू दे.

मला विजापूर गाडी मिळाली तेव्हा कानडीतले आकडे तेवढे पाठ होते. एक पोरगा आजीला दारात ‘हत्तु, हत्तु’ म्हणत होता. हत्तु म्हणजे दहा, म्हणून मी दहा तिकिटं फाडली. तो म्हणत होता, ‘चढ, चढ!’ म्हातारी एकटीच जाणार होती. अख्खी गाडी हसली आणि नऊ तिकिटांचे पैसे मी खिशातून भरले. पण त्या दिवसापासून रोजचे पॅसेंजर हाक मारून शब्द सांगायला लागले. वर्षभरात मी चिल्लरवरून कानडीत भांडत होतो.

तू आईवर गेलास, चुकलेलं तुला सोसत नाही. आठवीत भाषण अर्धवट टाकून उतरलास, तेव्हा मी सगळ्यांदेखत बोललो. ते माझं चुकलं. तेव्हापासूनच गप्प झालास का रे?

तिथं बसमधून उतरताना लोक ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात, हे तूच सांगितलंस. मला तीस वर्षांत कुणी म्हटलं नाही. तू म्हणतोस, की नुसताच उतरतोस?

तुझे,
अण्णा

ता. क. बापूंच्या विहिरीला पाणी लागलं.