सूचना : वाई ते पाचगणी सहल

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी ठीक ६.३० वाजता वाईच्या ढोल्या गणपतीपासून आपापल्या गाड्यांनी निघून पसरणी घाटमार्गे पाचगणीस जावयाचे आहे. अंतर जेमतेम १२-१३ किलोमीटर असले, तरी खाली वाई शहर आणि कृष्णेचे खोरे दिसू लागताच ऐन वळणावर गाडी उभी करण्याचा मोह होतो. गेल्या खेपेस त्यापायी मागे रांग लागली होती, म्हणून रस्त्याकडेची रुंद जागा पाहूनच थांबावे.

- चढणीच्या गाडीस आधी वाट द्यावी.
- परतताना उतारावर गाडी न्यूट्रल करू नये. आजच्या गाड्यांत त्याने पेट्रोल वाचत नाही, उलट ब्रेक तापतात.
- माकडांना खाऊ देऊ नये.

टेबललँडवर चहा होईल. गाडीत रिकाम्या जागा किती, हे शुक्रवारपर्यंत सचिवांस कळवावे.